लाडाची हिंदी

दिल्लीला खेटून असलेल्या गाझियाबादच्या त्या घरात जिन्यावरून कोण येतंय हे मला दार न उघडता कळायचं. अम्माजी, म्हणजे आमच्या मालकीणबाई, चपला घासत यायच्या आणि मधल्या वळणावर थांबून देवाचं नाव घ्यायच्या. शेजारच्या खोलीतले मेजर वर पोचले, की शेवटची पायरी संपल्यावर डावा पाय गुडघ्यापर्यंत उचलून धाडकन गच्चीवर आपटायचे. परेडमध्ये सावधान होताना आपटतात तसा. खालून अम्माजी ओरडायच्या, "अरे फौजी, लेंटर तोड़ेगा क्या?"

लेंटर म्हणजे स्लॅब. घर जुनं, आमच्या गच्चीवरच्या दोन खोल्या मागाहून चढवलेल्या. तो पाय आपटला की माझ्या टेबलावरचा चहा हलायचा. आणि त्याच क्षणी शेजारच्या खोलीत फरशीवर बसलेली त्यांची मुलगी आर्वी हातातलं टाकून वळायची, खुदकन हसायची आणि पडत-धडपडत दाराकडे धावायची. मेजर तिला उचलून डोक्यावर धरायचे आणि म्हणायचे, "पलटन हजर हाय का?" मला ते दृश्य रोज दिसायचं आणि रोज बरं वाटायचं.

ते काही खरे मेजर नव्हते. जालिंदर खाडे, तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्याकडे माणदेशात सैन्यातून परत आलेल्या प्रत्येकाला गाव मेजर म्हणतं, आणि मीही तिकडचाच, जतजवळचा. त्यामुळे माझ्या तोंडी पहिल्या दिवसापासून 'मेजर'च बसलं. मी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला दिल्लीत आलेला, घरातला पहिला पदवीधर. मला ते 'कलेक्टर' म्हणायचे. "काय कलेक्टर, जेवलास का? का पुस्तकच खाल्लंस?" असं दारातून विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता ताटली आत ठेवून जायचे. त्या ताटल्यांवर माझे दिल्लीतले कितीतरी महिने निघाले. आज मी जी साधी सरकारी नोकरी करतो, तिच्यात त्यांच्या भाकरीचा वाटा आहे असं मी मनापासून मानतो.

त्यांची शेवटची पोस्टिंग दिल्ली कॅन्टोन्मेंटला होती. आर्वी रांगायलाही लागली नव्हती तेव्हा त्यांची बायको, सुनीतावहिनी, तापाने गेली. त्यांनी निवृत्ती घेतली आणि गावी न जाता इथेच राहिले. जवळच्या एका मोठ्या सोसायटीच्या फाटकावर ते सुरक्षारक्षकांचे मुकादम होते. पहाटे जायचे, दुपारी परत. तेवढा वेळ आर्वी खाली अम्माजींकडे असायची. गावी मोठी बहीण होती, आक्का. तिला मूलबाळ नव्हतं आणि ती फोनवर सारखी म्हणायची, पोर माझ्याकडं दे. मेजर म्हणायचे, "दिली की ती घराची हुईल. माझी ऱ्हाणार न्हाई."

मोठ्या तोफांनी त्यांचा डावा कान घेतला होता आणि उजवाही अर्धाच चालायचा. ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं बोलतात मोठ्याने, आणि मेजर तर बोलायचे अखंड. थंडीच्या दिवसांत दुपारी गच्चीवर कोवळं ऊन आलं, की टबात कोमट पाणी घेऊन आर्वीची अंघोळ चालायची आणि मला पलीकडे राज्यघटना वाचताना तिचं संपूर्ण वर्णन ऐकू यायचं. "हा डावा हात. आता उजवा. ह्यो साबण. साबण डोळ्यात जाणार न्हाई, शब्द देतो. गेला? गेला तर गेला. ही बोटं. ह्यात घाण कुठनं आली? कुठं खंदक खणत हुतीस?" अंघोळीनंतर नखांची तपासणी. मग डोक्यावर मधोमध एक शेंडी, नारळाची असते तशी, आणि तिला लाल रबर. फ्रॉकला ते इस्त्री करायचे, आणि कपाटात तिचे चिमुकले कपडे एकसारख्या चौकोनी घड्यांत असे रचलेले असायचे, जणू एखादा अधिकारी कधीही तपासणीला येईल.

जेवण झालं की स्वतःच्या गालावर बोट ठेवून म्हणायचे, "मुका दे बाबाला." ती वरणभाताच्या तोंडानेच मुका द्यायची. ते गाल पुसायचे नाहीत.

बोलताना त्यांचे हात कायम चालायचे. ये, बस, थांब, तोंड उघड, सगळ्याला खूण. पोर सगळं ऐकायची, म्हणजे आम्हाला तसं वाटायचं. अम्माजी कौतुकाने सांगायच्या, "टीवी कितना भी चले, कुकर की सीटी बजे, आराम से सोती है. ऐसी सीधी बच्ची मैंने नहीं देखी." मेजर ताठ व्हायचे. "तोफखान्याची पोर हाय. आवाजाला भीत न्हाई."

फक्त ती बोलत नव्हती. दोन वर्षं उलटली तरी 'आ' आणि 'ब्ब' यापलीकडे काही नाही. मेजरनी तिला एका बालवाडीत घातलं तेव्हा तिथल्या मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. मी बरोबर होतो. मॅडम चांगल्या होत्या, तळमळीने सांगत होत्या. "भैया, बच्ची कन्फ्यूज़ हो रही है. घर में मराठी, नीचे हिंदी, यहाँ इंग्लिश. इतने छोटे दिमाग़ में तीन-तीन भाषा! आप एक ही रखिए. हिंदी रखिए, यहीं रहना है तो." मेजरनी कोपऱ्यावरच्या बालरोग डॉक्टरांना विचारलं. त्यांनी घसा पाहिला, जीभ पाहिली आणि म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात, पण एकच भाषा ठेवणं बरं.

दोघांनी तेच सांगितलं म्हटल्यावर मेजरच्या लेखी तो हुकूम झाला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मुलीशी मराठी बोलणं बंद केलं.

त्या आठवड्यात एकदा मी कपडे वाळत घालत होतो. ते माझ्याजवळ आले आणि उगाच एक चिमटा काढून परत लावला.

"कलेक्टर, एक इचारू का? हसायचं न्हाई."

"विचारा की."

"हिंदीत लाड कसं करत्यात?"

मला आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"म्हंजी हिंदी येती मला. अख्खी नोकरी हिंदीत काढली. पण ती समदी हुकमाची. आगे बढ़, पीछे मुड़, खाना खा के फॉलिन हो. बाईमाणसाशी न्हाई, लेकराशी तर कधीच न्हाई. काल हिला म्हणालो, 'चलो, मुँह खोलो.' माझा मलाच आवाज आला, जणू कुणाची झडती घेतोय."

मी मला येत होतं ते सांगितलं. माझीही हिंदी क्लासमधली आणि चहाच्या टपरीवरची.

"'मुका दे'ला काय म्हणत्यात?"

"पप्पी दे."

"पप्पी? ते तर कुत्र्याचं पिल्लू न्हवं?"

"ते इंग्रजीत."

"बरं. आणि 'सोन्या', 'माझं बाळ ते'?"

"राजा बेटा म्हणतात."

"आरं पण पोरगी हाय ती."

"पोरीलासुद्धा म्हणतात."

ते वाळणाऱ्या फ्रॉककडे बघत राहिले. "पोरीचं लाड करायला बी पोरगाच लागतो व्हय ह्यांना," ते म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळाने आतून त्यांचा आवाज आला, अडखळत, एखाद्या नव्या रिक्रूटने अधिकाऱ्यासमोर पाठ म्हणावा तसा. "मेरा राजा बेटा. मेरा राजा बेटा खाना खाएगा."

तो हिवाळा असा गेला. मेजर म्हणजे आमच्या गच्चीचा रेडिओ, तो बातम्यांवर आला. वाक्यं तुटक झाली. अंघोळीच्या वेळी 'बायाँ हाथ', 'दायाँ हाथ' एवढंच. साबणाशी भांडण नाही, खंदक नाही. कधीकधी मराठी शब्द ओठांपर्यंत यायचा आणि ते तो घोटासारखा गिळायचे. मला गळ्याची घाटी हललेली दिसायची. आक्काचा फोन आला, की फोन घेऊन जिन्यात जाऊन उभे राहायचे. मुलीच्या कानावर मराठी पडायला नको म्हणून. बाहेर धुरकट थंडी, खोकत, एका हाताने कान दाबून ते जिन्यात कुजबुजल्यासारखं मराठी बोलायचे, आणि त्यांचं कुजबुजणं तळमजल्यापर्यंत पोचायचं. पाय आपटणं मात्र चालू होतं. त्याला भाषा नव्हती. आणि पाय आपटला की आर्वी वळायची, हसायची. त्यामुळे तिच्या कानांबद्दल कुणाच्या मनात कधी शंकाच आली नाही.

थंडी ओसरल्यावरची गोष्ट. वसाहतीच्या पलीकडे एक बाग होती, तिचं रस्त्याकडचं फाटक मोडलेलं. रविवारी दुपारी मेजर आर्वीला घेऊन जायचे. त्या दिवशी मीही गेलो होतो. ती कबुतरांच्या मागे धावत होती. कबुतरं फाटकाकडे सरकली, तीही सरकली. मेजर बाकावरून म्हणाले, "आर्वी, इधर आओ." ती गेली पुढे. ते उठले आणि गवतावर पाय आपटला, नेहमीसारखा. ती वळली नाही. त्यांनी परत आपटला. गवताखाली पावसाने भुसभुशीत झालेली माती; आवाजही नीट झाला नाही. ती फाटकाबाहेर पडली. आता मेजर धावत सुटले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिच्याशी त्यांच्या तोंडून मराठी फुटली, लाडाच्या नावासकट. "आरू! थांब! आरू!"

तो परेड मैदानावरचा आवाज होता. बागेतली सगळी माणसं वळली. एक तीच वळली नाही. बाजूने ई-रिक्षा येत होती, तिचा भोंगा एकसारखा वाजत होता, आणि आर्वी रस्त्याच्या मधोमध कबुतराकडे हात पसरून उभी. रिक्षावाल्याने ब्रेक मारला. रिक्षा तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबली.

"हॉर्न नहीं सुनता?" रिक्षावाला घाबरून ओरडला. "बहरी है क्या?"

मेजर त्याच्या अंगावर जातील असं मला वाटलं. दुसरा कुठला दिवस असता तर गेले असते. त्यांनी मुलीला उचललं आणि रिक्षावाल्याकडे असं पाहिलं, जणू त्याने काही पत्ता विचारला होता आणि तो यांना ठाऊक होता. आणि तिला घेऊन ते तडक घरी निघाले.

वर आल्यावर त्यांनी आर्वीला गच्चीवर, पाठ आमच्याकडे करून, ठोकळे देऊन बसवलं. दहा पावलं मागे आले. पाय आपटला. ती वळली आणि हसली. ते खूण करून म्हणाले, खेळ. ती परत ठोकळ्यांकडे वळली. मग त्यांनी बूट काढले, मोजे काढले, आणि अनवाणी, लेंटर हलू न देता, तिच्या अगदी मागे जाऊन उभे राहिले.

"आरू," ते म्हणाले. मग मोठ्याने, "आरू." मग त्यांनी छाती भरून घेतली आणि सगळा जोर लावून हाक मारली. शेजारच्या टाकीवरची कबुतरं उडाली. अम्माजी "क्या हुआ, क्या हुआ" करत जिना चढून वर आल्या. आर्वीने एका ठोकळ्यावर दुसरा ठोकळा ठेवला, तो वाकडा बसला म्हणून काढून पुन्हा ठेवला.

मेजर तिथेच खाली बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाय वळखती ती माझा. मला न्हाई."

त्या दिवसानंतर अम्माजींनी लेंटरबद्दल पुन्हा चकार शब्द काढला नाही.

मग मोठ्या हॉस्पिटलच्या खेपा. पोरीला झोपवून डोक्याला तारा लावायची एक तपासणी असते. ती झोपेना तेव्हा मेजर तिला खांद्यावर घेऊन त्या लांबलचक व्हरांड्यात फेऱ्या मारत राहिले. तोंडाने काही म्हणत नव्हते, नुसतं पाठीवर थोपटत होते. मग स्कॅन झालं. मेजरनी तोवर कुठून कुठून माहिती काढली होती. ऑपरेशन करून कानात मशीन बसवतात, मग मुलं ऐकतात, बोलतात. माजी सैनिक म्हणून त्यांना ते सगळं मिळणार होतं. त्यांनी मनात ते मशीन बसवूनही टाकलं होतं.

डॉक्टर तरुण होती. तिने घाई केली नाही. चित्र दाखवून सांगितलं, की कानापासून मेंदूकडे जाणारी नस दोन्ही बाजूंना तयारच झालेली नाही. मशीन आवाज त्या नसेच्या तोंडापर्यंत पोचवतं, पण पुढे न्यायला काही नाही. "इसलिए मशीन से फ़ायदा नहीं होगा."

"एक तरफ़ से भी नहीं?" मेजरनी विचारलं. "मेरा भी एक ही कान है, मैडम. काम चल जाता है."

"नहीं. दोनों तरफ़ से नहीं."

मग ती जे म्हणाली ते मला आजही शब्दशः आठवतं. "अब एक ही काम ज़रूरी है. इसे कोई भाषा दीजिए. इशारों की भाषा, साइन लैंग्वेज. आप पहले सीखिए, फिर इसे सिखाइए. और जल्दी. भाषा सीखने की भी उम्र होती है, वह निकल रही है. निकल गई तो फिर कोई भी भाषा पूरी नहीं आएगी."

बाहेर बाकावर बसल्यावर मेजर म्हणाले, "टेलिफोन हाय, बॅटरी हाय. केबलच टाकल्याली न्हाई." आणि जरा वेळाने, "अख्खा हिवाळा जिन्यात जाऊन बोललो रं मी." आणि ते हसले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण तसं हसताना तेव्हा एकदाच पाहिलं, आणि ते पुन्हा बघायला मिळू नये असं वाटतं. आर्वी मांडीवर जागी झाली होती. त्यांचे खांदे हलताना पाहून तीही हसायला लागली.

बातमी गावी गेली आणि आठवड्यात आक्का आल्या. येताना शेंगदाण्याचे लाडू, कुठल्याशा देवाचा अंगारा आणि मुलीसाठी परकर-पोलकं. आल्या आल्या फतकल मारून बसल्या, आर्वीला ओढून मांडीवर घेतलं आणि स्वतःचा गाल पुढे केला. "मुका दे गं आत्तीला. दे, मुका दे."

मेजर परातीत पीठ मळत होते. त्यांचा हात थांबला. आक्कांच्याही लक्षात आलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. लेकराकडे लाडाने मागायचा तोही मुका, आणि ज्याला वाचा नाही तोही मुका. दोन्हीला आपल्या भाषेत एकच शब्द आहे हे मला तोवर कधी जाणवलं नव्हतं. आर्वीला त्यातलं काहीच कळलं नाही. पुढे केलेला गाल तिला दिसत होता. तिने आत्याचा मुका घेतला आणि लाडू मागायला हात पुढे केला. त्या घरात तो शब्द मी नंतर ऐकला नाही.

आक्का पोरीला न्यायला आल्या होत्या. जायच्या आदल्या दिवशी विषय निघाला. मी उठून जायला लागलो तर मेजर म्हणाले, "बस. घरातलाच हाईस."

"जालिंदर, हितं कोण हाय तिला?" आक्का म्हणाल्या. "ही गच्ची, आणि खालची म्हातारी. तिकडं भरलं घर हाय. भाऊ हायती, भावजया हायती, पोरंसोरं हायती. त्यांच्यात ऱ्हाऊन शिकंल."

"काय शिकंल?"

"बोलायला न्हाई, पण समजायला शिकंल. आपली माणसं सांभाळून घेत्यात."

मेजर म्हणाले, "आक्का, पिठाच्या गिरणीपाशी बसतो बघ तो. मुक्या. पोती उचलतो."

"मग?"

"त्याचं नाव काय गं?"

"कुणाचं, मुक्याचं?"

"व्हय. आपल्याच वयाचा हाय. आपल्या बरुबर वड्यात पवायला यायचा. आईबापानं ठिवलंच आसंल की काहीतरी नाव."

आक्का विचार करत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, एक-दोन नावं जुळवून पाहिल्यासारखे. मग त्यांनी मान खाली घातली.

"त्यालाबी सांभाळूनच घेतलंय गावानं," मेजर म्हणाले. "जेवू घालत्यात. सणाला कापडं देत्यात. पण त्याच्याशी कोण बोललंय का कधी? त्याच्या डोस्क्यात काय हाय, हे एका तरी माणसाला ठावं हाय का? माझ्या पोरीचं नाव आर्वी हाय, आक्का. मी मरूस्तवर तिचं नाव आर्वीच ऱ्हायला पायजे."

"म्हंजी गाव वाईट, आणि आमीबी वाईट," आक्का म्हणाल्या.

"वाईट न्हाई. पण तुमी कुणी तिची भाषा शिकणार न्हाई. शिकशील का तू?"

आक्का पिशवी भरायला लागल्या. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर भाऊ पाया पडेल याची त्यांनी वाट पाहिली नाही, डब्यात जाऊन बसल्या. त्यानंतर त्यांचे फोन आले नाहीत. भावांचेही नाहीत. मेजर सणावाराला फोन लावायचे. पलीकडून कुणी उचललं, तर बोलणं पाऊसपाण्यावर संपायचं.

खुणांच्या भाषेचा वर्ग दक्षिण दिल्लीत होता, रविवारी. दोन मेट्रो बदलून जायचं. शिकवणारा एक पंचविशीतला मुलगा होता, स्वतः जन्मापासून बहिरा. वर्गात तोंडाने बोलायला बंदी. मेजर सांगायचे, "त्या खोलीत बहिरा मीच असतो. बाकीची समदी एकमेकांचं ऐकत्यात." आठवडाभर ते सोसायटीच्या फाटकावर उभे राहून सराव करायचे. गाड्यांतून जाणारे लोक बघायचे. सुरक्षारक्षक एकटाच हवेत हातवारे करतोय. कुणीतरी तक्रारही केली होती.

त्यांना ते सोपं गेलं नाही. बंदुकीला आणि तोफेच्या गोळ्याला सरावलेली बोटं वळायची नाहीत. प्रत्येक खूण ते कवायतीसारखी करायचे, झटक्यात, काटकोनात. त्या मुलाने एकदा हसत त्यांचा हात हातात घेऊन चोळला आणि दाखवलं, मऊ कर, मऊ. घरी येऊन मेजर माझ्यापुढे हात धरून म्हणाले, "हातबी हुकमाचंच निघालं, कलेक्टर."

आर्वीने मात्र ते पाण्यासारखं उचललं. आधी दूध, पाणी, कबुतर. मग 'नको', जे ती दिवसभर करायची. मग एक दिवस तिने झोपेतून उठून आईच्या फोटोकडे बोट केलं आणि खूण करून विचारलं, कोण? मेजरनी मला दारातून हे सांगितलं आणि उत्तर काय दिलं ते सांगितलं नाही.

पण एक गोष्ट झाली. गच्ची पूर्ण शांत झाली. हातांनी बोलायचं आणि तोंडाने मराठीही बोलायची हे दोन्ही त्यांना एका वेळी जमेना, म्हणून त्यांनी तोंड मिटलं. अंघोळ गुपचूप, जेवण गुपचूप. माझ्याशी बोलतानाही शब्दाला थांबायचे, हात पुढे यायचा, मग शब्द. अम्माजी एकदा जिन्यातून म्हणाल्या, "फौजी, तेरी आवाज़ को तरस गई मैं तो." मेजरनी मान हलवली आणि पुढे गेले.

माझ्या परीक्षेचे सगळे प्रयत्न संपले. मी परत गेलो, राज्याची परीक्षा देऊन नोकरीला लागलो. मेजरना पहिल्या पगाराची बातमी फोनवर सांगितली तेव्हा ते एकदम म्हणाले, "कलेक्टर." एवढंच.

गेल्या वर्षी एका प्रशिक्षणासाठी दिल्लीला गेलो होतो. रविवारी त्यांना भेटायचं ठरलं, पण माझी गाडी संध्याकाळची, म्हणून मेट्रो स्टेशनवरच भेटलो, त्यांचा वर्ग सुटल्यावर. मेजरचे केस पांढरे झाले होते. फलाटाच्या टोकाला दहा-बारा मुलं-मुली आणि काही मोठी माणसं घोळका करून उभी होती, सगळे हात चालू, आणि आवाज एकही नाही. आर्वी त्यांच्या मधोमध. उंच झाली होती. तिच्याहून मोठ्या एका मुलीला ती काहीतरी सांगत होती. भुवया उडवत, गाल फुगवत, हात इतके भरभर, की मला ते वेगळे दिसतच नव्हते. सगळा घोळका हसला.

मेजर तिचं दप्तर आणि पाण्याची बाटली धरून बाजूला उभे होते. माझ्याशी मराठी बोलताना अडखळत होते. 'आठवण' हा शब्द त्यांना सापडला नाही. कपाळाला बोट लावून ते माझ्याकडे बघत राहिले, आणि मी तो दिला.

"काय सांगतेय ती?" मी विचारलं.

त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. तोंड किंचित उघडं, ऐकू कमी येणारी माणसं धरतात तशी मान पुढे.

"माझंच काहीतरी हाय. 'बाबा' एवढं कळलं," ते म्हणाले. "बाकी लई भरभर हाय. माझ्याशी बोलताना ती हळू करती. म्हाताऱ्याशी बोलावं तसं. एकेक खूण वेगळी करून."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलंच हाय," ते म्हणाले. "डॉक्टरनी सांगितलं हुतं तेच झालं. तिला भाषा आली." त्यांनी दप्तर सावरून खांद्याला लावलं. "मला यायच्या आत माझं वय निघून गेलं. एवढंच."

माझी मेट्रो आली. मेजर म्हणाले, "थांब, तिला सांगतो. काका चाललाय म्हणून." त्यांनी हात वर केला आणि तिच्या नजरेच्या रेषेत धरला. तिला लांबून हाक मारायची ती एवढीच रीत. ती बघेल तेव्हा ऐकेल. ती त्या मोठ्या मुलीच्या हातांकडे बघत होती. मी दारातून आत शिरलो. माणसं चढली. ती आता काहीतरी उत्तर देत होती, पाठ अर्धी आमच्याकडे. दारं मिटली. काचेतून मला मेजर दिसत होते, एका खांद्याला दप्तर, दुसरा हात वर. ते तिच्या आणखी जवळ गेले नाहीत, तिच्या खांद्याला हात लावून तिचं बोलणं तोडलं नाही. गाडी हलली तरी तो हात तसाच वर होता.